घोंगडीवर मांडलेले कपडे

२ फेब्रुवारी २०२५
आयर्लंड

प्रांजल,

पत्र बघून घाबरू नको. सगळं बरं हाय. फोनवर बोलता येत न्हाई म्हणून लिहितोय. तू फोन उचललास की आई म्हणती स्पीकरवर टाक. मग अंजनावहिनी येते, वहिनीची पोरं येतात, बांधावरनं जाणारा माणूस सुद्धा येऊन बसतो, आणि मी आपलं 'जेवला का, मेंढरं कुठवर गेली' एवढंच विचारून ठेवतो. कामाची गोष्ट राहतीच.

तर कामाची गोष्ट. तुमच्या दोघींचे कागद पुढं सरकलेत. कंपनीतली बाई म्हणाली, ऑगस्टच्या शेवटाला बायको आणि पोरगी इथं असतील असं धरून चाल. मी मासे भरतो त्या कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर शाळा हाय. पोरं सगळी मिळून चाळीस. एक सप्टेंबरला राणीला तिथं घेतो म्हणालेत.

पण एक अडचण हाय. या भागातली माणसं आपसात इंग्रजी बोलत न्हाईत, त्यांची आयरिश बोलतात. शाळाबी तीच. मी ज्यांच्या घरामागच्या खोलीत राहतो त्या ब्रीदबाई त्याच शाळेत बारक्या पोरांना शिकवतात. साठीच्या असतील. मी त्यांना विचारलं, पोरगीला आधी काय शिकवू, आकडे का अक्षरं? त्या म्हणाल्या, ते आम्ही शिकवू. तिला गार वाजतंय, तिचे कपडे ओले झालेत, एवढं तिला सांगता आलं पाहिजे. म्हणून ऋतू आणि कपडे, एवढंच आधी शिकव.

हे हलकं घेऊ नको. गेल्या साली दुसऱ्या मुलखातनं आलेलं एक पोरगं होतं, चार तास ओलं बसून राहिलं. सांगायला शब्द न्हाई आणि लाजबी वाटली. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. तवापासनं माझं डोकं जाग्यावर न्हाई.

पार्सलात कपडे हायत, राणीच्या मापाचे आणि एक बोट मोठेच घेतलेत. लाल कोट, त्याला कोटा म्हणायचं, सोपं हाय. टोपी म्हणजे हाता. लोकरीचा स्वेटर म्हणजे ग्यान्सी. बूट ब्रोगा, पायमोजे स्टोकी. हातमोज्याला लावनी म्हणतात, हसू नको. ऋतू चार हायत. आरख, साउरा, फोवर, गेवरा. काल एक तारखेला यांचा आरख लागला म्हणजे वसंत आला म्हणे, आणि बाहेर गारा पडत होत्या. गार वाजतंय हे 'ता मे फूअर' आणि मी भिजले हे 'ता मे फ्ल्युख'. ही दोन वाक्यं झोपेत विचारली तरी आली पाहिजेत. शेवटचा ख घशातनं काढायचा, खाकरल्यासारखा.

रोज सकाळी आपली काळी घोंगडी अंगणात अंथर. त्यावर सगळे कपडे ओळीनं मांड. एकेक उचल, नाव घे, तिच्याकडनं म्हणवून घे, मग बाजूला ठेव. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, मी काय शिकवायचं सांगणार. पण असं केलं तर जमंल असं वाटतं. तू बारावी झालीस, तू बघ.

धनाजी


३ मार्च २०२५
आटपाडीजवळ, वस्तीवर

राणीचे पप्पा,

पार्सल पोचलं. गावातल्या पोस्टातून आणायला मी आणि राणी चालत गेलो. येताना तिनं लाल कोट अंगात घातला तो घरापर्यंत काढला नाही. ऊन मी म्हणत होतं, घामानं भिजली, पण काढला नाही.

आईंनी ग्यान्सी हातात घेऊन आधी वास घेतला, मग उजेडाला धरून लोकर ओढून बघितली. म्हणाल्या, लांब केसाची मेंढरं हायत, वर्षातनं कितीदा कातरतात विचार धनाला. विचारून सांगा, रोज आठवण करतात.

तुम्ही सांगितलं तसं घोंगडीवर मांडून शिकवायला लागले. पहिल्या तीन दिवसांत तिनं सहा शब्द तोंडपाठ केले. अंजनाताईंची पोरंही बसतात. परवा त्यांच्यात लावनी म्हणत नाचायचा खेळ सुरू झाला, मी थांबवला नाही. ऋतूंना मात्र ती अडली. चारही नावं म्हणाली आणि मला विचारते, "यात पावसाळा कुठाय?" मी म्हटलं त्यांच्यात पावसाळा नसतो. तर म्हणे, मग त्यांची मेंढरं पाणी कुठलं पितात? हे आता तुम्हीच तिला सांगा.

आता जे लिहिते त्यानं जिवाला लावून घेऊ नका. चौथ्या दिवसापासून ती विसरायला लागली. काल आलेला शब्द आज येत नाही. मी रागावले की खाली बघून घोंगडीची दशी ओढत बसते. अंगणवाडीच्या बाईही म्हणाल्या, हल्ली राणी गप्प असते. तिला कृष्णातभावजींबरोबर मेंढरांच्या तळावर जायचं होतं. गेली दोन वर्षं ती आईंबरोबर मेंढरांमागं गेली, इस्लामपूरच्या पुढं उसाच्या रानात राहिली. यंदा मी ठेवून घेतली. त्याचंच असेल.

आणि एक. व्हिडिओवर तुम्ही सारखा डावा हात खिशात का ठेवता? मागच्या रविवारी चहाचा कप सुद्धा खाली ठेवून मग कपाळ पुसलंत.

प्रांजल


२७ मार्च २०२५

प्रांजल,

हात खिशात ठेवतो कारण थंडी हाय. दुसरं काय असणार.

राणीला सांग, इथं पावसाळा न्हाई कारण बाराही महिने पावसाळाच हाय. मी ब्रीदबाईंना तिचा प्रश्न सांगितला. त्या खुर्चीत मागं टेकून हसल्या आणि म्हणाल्या, ही पोरगी आम्हाला पाहिजे. मेंढरं उन्हाळ्यात एकदाच कातरतात, आईला सांग. आणि कातरलेल्या लोकरीला इथं कोण विचारत न्हाई, ढीग पडून राहतात. हे आईला सांगू नको, तिला वाईट वाटंल.

विसरते म्हणजे काय ते मला कळलं न्हाई. तीन दिवसांत सहा शब्द शिकणारी पोरगी चौथ्या दिवशी विसरती? आपल्या राणीला तीन वर्षांची असताना छत्तीस मेंढरं तोंडावरनं ओळखता येत होती. विसरणाऱ्यातली ती न्हवं. काहीतरी होतंय तिथं. तू मला सगळं सांगत न्हाईस असं वाटतंय.

कारखान्यात बेल्टवर मासा सरकत येतो आणि मी मनात दिवस मोजतो. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. पाच महिने. तुला माहीत हाय मी एका जागी टिकत न्हाई. साखर कारखान्यात चार महिने, तळोजाला कोळंबीच्या कामावर सतरा वेळा पळून जायला निघालो. इथं दोन वर्षं टिकलो ते तुमी येणार म्हणून. राणीनं तिथं येऊन मुकं बसायचं असलं तर मग मी हे काय करून बसलोय?

ऋतू जाऊ देत. कपडे आणि ती दोन वाक्यं, एवढं तरी.

धनाजी


२१ एप्रिल २०२५

राणीचे पप्पा,

तुम्ही म्हणता मी सांगत नाही, म्हणून सगळं सांगते.

कपडे नाहीसे होतायत. आधी एक हातमोजा गेला. मला वाटलं वाऱ्यानं उडाला असेल, कुंपण, गव्हाण, सगळं धुंडाळलं. पाच दिवसांनी टोपी गेली. मग एका सकाळी घोंगडी अंथरली तर ग्यान्सी नाही. परवा लाल पायमोज्यांतला एक. घरात कोण? मी, राणी, आई, अंजनाताई आणि त्यांची दोन पोरं. पोरांना दरडावून विचारलं. त्यांनी शपथा घेतल्या. आई म्हणाल्या, उंदरानं नेलं असंल. उंदीर स्वेटर नेतो का हो?

राणी तर वेगळंच बोलते. टोपीचं नाव विचारलं की म्हणते, "ती हायच कुठं? न्हाई त्याचं नाव कशाला घ्यायचं." असं करत आता चारच शब्द उरलेत. वाक्यं ती म्हणतच नाही. ओठ घट्ट मिटून घेते. मी एकदा हात उगारला. मारलं नाही, पण उगारला.

आईंबद्दल लिहू का नको असं दोन दिवस चाललंय माझं. मी शिकवायला बसले की त्या उठून वाडग्याकडे, घरी ठेवलेल्या चार मेंढ्यांत जातात. रोज विचारतात, "किती दिवस ऱ्हायले गं?" मी सांगते. त्या बोटावर काहीतरी मोजतात. रात्री राणी त्यांच्याच कुशीत झोपते आणि त्या तिला कसल्या कसल्या जुन्या गोष्टी सांगतात, तळाच्या, मामंजींच्या. मी काही म्हणत नाही. त्यांना सोडून आपण चाललोय, त्यांनी एवढंही करू नये का?

इथं चाळीसच्या वर गेलंय. एवढ्या उन्हात मी पोरीला लोकरीच्या हातमोज्याचं नाव शिकवते, तेही एकच हातमोजा दाखवून. येणारेजाणारे बघून हसतात.

प्रांजल


१२ मे २०२५

प्रांजल,

तुला कळलं न्हाई का तुला कळूनबी लिहवलं न्हाई, मला माहीत न्हाई. मला पहिल्या ओळीतच कळलं. कपडे आई लपवतीय.

दुसरं कोण असणार? तिला आपण जायला नको हाय. मी तळोजाला निघालो तवाबी माझी पिशवी दोन दिवस सापडत न्हवती, मग तिच्याच पेटीत घावली. उंदीर म्हणती ती. मला लहानपणीबी असंच सांगायची. राणीच्या कानात रोज तळाच्या गोष्टी घालायच्या, सकाळी एक कपडा कमी करायचा, म्हणजे पोरगी शिकतबी न्हाई आणि जातबी न्हाई. भांडण न करता काम होतंय.

मला तिचा राग येत न्हाई असं न्हाई, येतोय. बाप, आमचे दादा, गेल्यावर तिचं कोण हाय ते मला ठाऊक हाय. कृष्णातदादा हाय, वहिनी हाय. मी तिला टाकून पळालेला न्हाई. पण माझ्या पोरीनं परमुलखात ओलं बसून ऱ्हायचं, दातावर दात वाजवत, आणि तोंडातनं शब्द काढायचा न्हाई, हे मी सोसणार न्हाई. तिची पेटी उघड. ती रानात गेली की उघड. कपडे काढून घे आणि कुलपात ठेव. शिकवायला बसताना तिला तिथं बसू देऊ नको.

हे फोनवर बोलू नको. स्पीकर हाय.

धनाजी


५ जून २०२५

धनाजी,

नावानं लिहितेय, कारण आज दुसरं काही सुचत नाही.

तुमचं पत्र सोमवारी आलं तेव्हा मी राणीच्या कागदांसाठी सांगलीला गेले होते. पोस्टमन वस्तीवर आला. आईंनी लिफाफा बघितला, म्हणाल्या, धनाचं हाय, वाच गं अंजना, बरा हाय का बघू. अंजनाताईंनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पेटीच्या वाक्याशी त्या थांबल्या. आई म्हणाल्या, पुढं वाच. शेवटापर्यंत वाचून घेतलं त्यांनी.

मी संध्याकाळी पोचले तर अंगणात घोंगडी अंथरलेली आणि त्यावर आईंची पेटी उपडी केलेली. दोन लुगडी, मामंजींचं मुंडासं, तुमचा सातवीचा दाखला, हळदीकुंकवाची डबी. सगळ्या वस्तीला बोलावून दाखवलं त्यांनी. मग त्यांनी सगळं परत भरलं आणि वाडग्यात जाऊन बसल्या. तीन दिवस घरात आल्या नाहीत. भाकरी राणी नेऊन द्यायची आणि दोघी तिथंच मेंढरांत बसायच्या.

तुमच्या तळोजाच्या पिशवीचं मी विचारलं. ती पेटीत होती कारण त्यांनी तिचा तुटलेला बंद शिवला होता. तुम्ही विचारलंतच नाही तेव्हा.

आता बाकीचं ऐका. कृष्णातभावजी परवा मेंढरं घेऊन परत आले. घोड्याच्या खोगिराला भोक पडलं होतं म्हणून दुसरं, मामंजींचं जुनं, शेडात खालच्या खुंटीला असतं ते काढलं. काढलं आणि त्याच्या पिशवीतून एकेक पडायला लागलं. हातमोजा, टोपी, ग्यान्सी, लाल पायमोजा. भावजी चक्रावून बघतायत. राणी तिथंच उभी होती. ती रडायला लागली ते थांबेना. मी जवळ घेतलं तर म्हणाली, "सगळं घावलं. आता तळ उठणार."

मी बागायती गावातली, आमची मेंढरं आजोबांच्या काळातच संपली. मला हे समजायला आईंकडे जावं लागलं. मामंजी तळ हलवताना काय करायचे ते त्यांनी सांगितलं. सगळं सामान काळ्या घोंगडीवर मांडायचं, एकेक उचलून नाव घ्यायचं, मग बाजूला ठेवायचं. एक पळी कमी असली तरी घोडं भरायचं नाही, तळ तिथंच. भावजी आजही तसंच करतात. राणीनं दोन वर्षं ते बघितलं आहे.

आणि आपण तिला शिकवलं कसं? काळी घोंगडी, ओळीनं कपडे, एकेक उचल, नाव घे, बाजूला ठेव. तुम्हीच लिहिलं होतं. मी रोज सकाळी तिला शब्द शिकवत होते आणि ती रोज सकाळी तळ उठताना बघत होती. पोरीनं तिला जमेल तसा तळ अडवला.

शब्द तिला सगळे येतात. ती रडता रडता प्रत्येक कपडा नाव घेऊन परत खोगिरात घालत होती.

आईंना काय सांगू ते तुम्हीच कळवा. मी तुमच्या वतीनं माफी मागणार नाही.

प्रांजल


२७ जून २०२५

आई,

हे पत्र प्रांजल तुला वाचून दाखवंल. वहिनी बसली तरी चालंल, कृष्णातदादाबी बसू दे. पेटी तू सगळ्यांसमोर उघडलीस, तर हेबी सगळ्यांसमोर होऊ दे.

मी चुकलो. दुसरं काय लिहू. चार दिवस कागद घेऊन बसतोय आणि एवढंच लिहून उठतोय.

मला कळायला पाहिजे होतं. प्रांजलला न्हाई कळलं तर तिचा दोष न्हाई, पण मी तर तळावर वाढलेला. तुला आठवतं का, आपण कृष्णेकाठी उसाच्या रानात मेंढरं बसवली होती आणि मला त्या गावच्या शाळेत दीड महिना बसवलं होतं. सातवीचं वर्ष. गुरुजी मला पुढच्या बाकावर बसवायचे. तळ उठायचा दिवस आला तवा मी पितळी पळी दप्तरात लपवली. दादांनी मोजलं, पळी न्हाई. तीन दिवस तळ तिथंच ऱ्हायला. शेतकरी ओरडायला लागला तरी दादा हलले न्हाईत. चौथ्या दिवशी दादांनी दप्तरात हात घालून पळी काढली. मारलं न्हाई. नुसतं म्हणाले, "धना, मला पैल्या दिशीच म्हाईत हुतं." म्हणजे तीन दिवस त्यांनी मला दिले होते. मग घोडं भरलं. दाखला तू काढून आणलास, तो अजून तुझ्या पेटीत हाय हे मला आता कळलं.

आणि मी लिहिलं, पेटी उघड.

राणीला ही गोष्ट तूच सांगितली असशील. सांगितलीस ते बरं केलंस.

आणखी एक खोटं माझ्याकडनं झालंय. शाळेत कुणी पोरगं ओलं बसलं न्हवतं. तो मी होतो. गेल्या डिसेंबरात कोल्ड स्टोअरेजमध्ये माझा हातमोजा फाटून आत पाणी गेलं. मुकादम त्यांच्या भाषेत काहीतरी विचारून गेला, मी मान हलवली. चार तास तसाच काम करत ऱ्हायलो. माझ्याकडं शब्द न्हवता आणि विचारायची लाज वाटत होती. डाव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर काढावं लागलं. कंपनीनं दवाखाना केला, काम चालू हाय, दुखत न्हाई आता. प्रांजलनं विचारलं तर थंडीवर ढकललं. राणीला ती दोन वाक्यं आली पाहिजेत म्हणून मी एवढा जीव खाल्ला तो ह्याच्यासाठी. ब्रीदबाईंनी माझा हात बघितला होता, म्हणूनच त्या म्हणाल्या, आधी हेच शिकव.

कागद आलेत. विमान तेवीस ऑगस्टचं हाय. आता मीच विचारतो, आणू का त्यांना? तू न्हाई म्हणालीस तर न्हाई. पोरीनं तळ अडवलाय. दादांनी मला तीन दिवस दिले होते. राणीला किती द्यायचे ते तू सांग.

तुझा धना


२० जुलै २०२५

(आई सांगतायत तसं लिहितेय. माझं काही घातलेलं नाही. प्रांजल.)

धनाजीस सुलाबाईचा आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचून घेतलं. बोटाचं ऐकून कृष्णात उठून भाईर गेला. तू बोट लपवलंस, पोरीनं टोपी लपवली. सारकंच हाय दोगांचं. पुन्यांदा असं लपवू नगंस. पेटीत काय न्हवतं ते सगळ्यांनी बगितलं, तू न्हाई बगितलंस म्हणून सांगते. तुजा दाकला तेवडा हुता, तो तिथंच ऱ्हाऊ दे.

मी शिकवताना उटून जात हुते ती रागानं न्हाई. मला ती घोंगडी मांडलेली बगवत न्हवती. तुजे दादा गेल्यापास्नं कुणी तसं मांडलं की त्येच मोजायला बसल्यागत दिसत्यात. आन तुजी बायकू रोज मांडायची. तिला काय म्हाईत.

आता पोरीचं. मेंढरू पाण्यात उतरत न्हाई तवा त्येला मागनं ढकलून उपेग नसतो, आदी आपुन उतरावं लागतं. म्हून मीच शिकले. कोटा, हाता, ब्रोगा समदं येतंय मला. ता मे फूअर लय बेस येतंय, फुडचे दात न्हाईत म्हून फ जोरात निगतो. मी म्हणायला लागले की राणी हसती आन चुकलं म्हून सांगती, आन मंग सोता म्हणून दावती. घोंगडी काडून ठिवलीय. आमी दावणीवर कपडे टाकतो.

काल तिनं मला विचारलं, आज्जे, तू येनार न्हाईस तर तळ कसा उटला? मी म्हटलं, उटत न्हाई. एक लाल मोजा माज्यापाशी ठिवून जा. मोजनी पुरी हुत न्हाई तवर तळ पुरा उटला असं धरत न्हाईत, तुज्या आज्याची रीत हाय. तिनं लय विचार केला. मंग दोनी मोजे हातात घिऊन बगितले आन एक दिला. ज्याला भोक हाय तो तिनं ठिवला, चांगला मला दिला.

तिला दुसरा मोजा घिऊन ठेव. कंचाबी रंग चालंल.

तू इचारलंस आनू का. आन.


१४ सप्टेंबर २०२५
आयर्लंड

आई,

हे पत्र वहिनीलाच वाचायला सांग, ओट्यावर बसून, मोठ्यानं.

तुला फोनवर सांगितलं न्हाई, पण शाळा लागल्यापासनं नऊ दिवस राणी एक शब्द बोलली न्हाई. सकाळी गुपचूप जायची, दुपारी गुपचूप यायची. एका पायात लाल मोजा, एका पायात मी घेतलेला निळा. पोरं बघायची, ती बघू द्यायची. प्रांजल दिवसभर खिडकीत उभी. मी बेल्टवर मासा उलटा भरत होतो, मुकादमानं दोनदा टोकलं. मला वाटायला लागलं, झालं, माझी पोरगी चार तास न्हाई, सगळा जन्म ओली बसून ऱ्हाणार.

परवा मधल्या सुट्टीत पाऊस आला. इथं येतोच. पोरं पळत आत आली. ब्रीदबाई एकेकाचे कोट काढत होत्या. राणी आपण होऊन त्यांच्यापाशी गेली, पाय पुढं केला आणि म्हणाली, ता मे फ्ल्युख. शेवटचा ख घशातनं, आज्जीसारखा, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढा. बाईंनी तिथंच गुडघ्यावर बसून तिचे मोजे काढले. हे त्यांनीच मला संध्याकाळी सांगितलं. सांगताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

मोजे वाळत घालताना त्यांनी राणीला त्यांच्या भाषेत विचारलं, या लाल मोज्याचा जोडीदार कुठाय? राणी म्हणाली, सा वाल्या. म्हणजे घरी हाय. हा शब्द मी लिहून धाडला न्हवता, प्रांजलनं शिकवला न्हवता. नऊ दिवस गप्प बसून तिनं काय काय उचललंय कुणास ठाऊक.

बाईंना वाटलं आमच्या खोलीत ऱ्हायला असंल, त्यांच्याच घरामागं. म्हणून त्या म्हणाल्या, मग उद्या घालून ये. राणीनं मान हलवली आणि भिंतीवरच्या नकाशाकडं बोट केलं. समुद्र, मग कितीतरी देश, त्याच्याबी पलीकडं. बोट नकाशावर आटपाडीला न्हवतं, बरंच चुकलं होतं. पण आमच्या खोलीकडं मात्र न्हवतं.

राणीचा निरोप हाय. मोजा पेटीत ठेव म्हणती. वाडग्यात उंदीर लय हायत, तूच म्हणाली होतीस.

तुझा धना